मठांचा मुलूख रचायच्या आधी जळण मोजा

रविवारी चौघांत बसून खेळायच्या खेळासाठी असो नाहीतर लांबलचक कथेसाठी, डोंगरातल्या मठांचा काल्पनिक मुलूख रचायला घेणार असाल तर ही यादी शेजारी ठेवा. कागद, पेन्सिल, ट्रेसिंग पेपर घरात असतोच. शिखरं, धुकं, घंटा, तांबडी वस्त्रं न सांगता सुचतात. सुचत नाही ते जळण. मागच्या खेपेला आमचं तेच राहिलं. पाच मठ, प्रत्येकात दोनशे माणसं, सगळे झाडोऱ्याच्या वर उघड्या खडकावर, आणि दुसऱ्याच बैठकीत प्रश्न आला, "यांची चूल कशावर पेटते?" अख्खा नकाशा फाडावा लागला. त्यामुळे या यादीत जळण पुन्हा पुन्हा येणार. येऊ दे.

आधी माप ठरवा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशासारखं २ सेंटिमीटरला १ किलोमीटर धरलं की बरं पडतं. समोच्च रेषा २० मीटरला एक. हिमालयासारखा उभा मुलूख असेल तर ४० मीटरला, नाहीतर रेषा एकमेकींवर चढतात आणि कड्याचा नुसता काळा डाग होतो. रेषा हाताला बसत नसतील तर अर्धा बटाटा पालथा घालून आडव्या चकत्या करा आणि मोठीपासून लहानीपर्यंत एकेक कागदावर ठेवून कड गिरवा. शाळेतली युक्ती आहे, पण चालते.

मग खडक. बेसाल्ट घेतलात तर डोंगर पायरीपायरीचा होतो: कडा, मग थोडा उतार, मग पुन्हा कडा, आणि माथा सपाट. पन्हाळा किंवा मसाई पठार डोळ्यासमोर आणा. वर जांभ्याची टोपी, खाली काळा पाषाण. जांभा उष्ण आणि दमट हवेत तयार होतो, म्हणून जांभ्याच्या सड्याशेजारी, म्हणजे उघड्या खडकाळ पठाराशेजारी, हिमनदी काढू नका. टोकदार बर्फाळ सुळके हवे असतील तर घडीचे पर्वत घ्या आणि पन्हाळा विसरा. दोन्हींची खिचडी केली की भूगोल वाचलेला कुणीतरी एक असतोच, तो सोडत नाही. कोरीव मठ बेसाल्टात शोभतात. जोतिबाजवळची पोहाळ्याची लेणी आपल्या कोल्हापूरच्या दारातच आहेत, बघून या. पण छिन्नीची धार रोज बोथट होते, ती भट्टीत तापवून पुन्हा धरावी लागते, भट्टीला कोळसा लागतो आणि एक किलो कोळशाला चार-पाच किलो लाकूड. म्हणजे लेणं कोरायलाही जळण. चुना भाजायलाही जळण. कोरडी दगडी भिंत किंवा तोडलेला जांभा वापरलात तर तेवढं वाचतं.

पाऊस कुठल्या अंगानं येतो त्याचा बाण पहिल्याच दिवशी काढा. आपल्याच जिल्ह्यात गगनबावडा आणि शिरोळ यांच्या पावसात जवळपास दहापट फरक आहे, तोही एका दिवसात गाडीनं जाऊन परत येण्याइतक्या अंतरात. वाऱ्याकडच्या अंगाला दाट रान, दरडी, जळवा. मागच्या अंगाला माळ आणि मेंढरं. रान कुठं आहे ते इथंच ठरतं, आणि रान ठरलं की जळण ठरतं. उंचीचा हिशेब सोपा आहे: दर १००० मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. १५०० मीटरवर २० अंश असतील तर ३५०० वर ७. हिमालयात साडेतीन-चार हजार मीटरच्या पुढे झाडं संपतात. तुमच्या मुलखातली ती रेषा हिरव्या पेन्सिलीनं ठळक काढा.

पाणी सगळ्यांना आठवतं. झरा दोन थरांच्या सांध्यावर काढा, टाकी खडकात खोदा, पुढं चला.

आता जळण. बैठक मारून करा, उगाच अंदाजपंचे नको. दोनशे माणसांचा एकत्र स्वयंपाक, माणशी रोज एक किलो लाकूड धरा: दिवसाला २०० किलो, वर्षाला ७३ टन. थंडीचे पाच महिने शेकोटीला रोज तेवढंच आणखी, म्हणजे ३० टन. झाले शंभराच्या वर. उंचावरचं रान हळू वाढतं. हेक्टरी वर्षाला एक टन निघतं असं धरलं तर एका मठाला १०० हेक्टर, म्हणजेच एक चौरस किलोमीटर रान लागतं. नकाशावर २ बाय २ सेंटिमीटरचा चौकोन. प्रत्येक मठासाठी हा चौकोन हिरव्या रेषेच्या खाली काढा, तोही दुसऱ्याच्या चौकोनावर न चढवता. चढला तर बिघडलं असं नाही. दोन मठांच्या भांडणाला तत्त्वज्ञान शोधायची गरज उरत नाही. पण चौकोनच नसेल तर मठ पुसा. देवराईचं रान त्यात धरू नका, तिथं कोयता चालत नाही.

भारा २५ किलोचा. शंभर टन म्हणजे ४००० भारे. चार महिने खिंड बर्फानं बंद असेल तर ते उरलेल्या आठ महिन्यांतच वर यायला हवेत: रोज सोळा-सतरा माणसं फक्त जळणाला. ही माणसं कोण, साधक की पायथ्याच्या वाडीतली कुळं, हे लिहून ठेवा. बंद काळासाठी सुमारे ५० टन साठा लागतो, म्हणजे १३ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि डोक्यावर हात जाईल एवढी उंच रचलेली खोप. पन्हाळ्याच्या अंबारखान्यासारखी धान्याची कोठारं सगळे काढतात. जळणाची खोप कुणी काढत नाही. आणि खोप कोरडीच हवी. गुऱ्हाळावर चिपाड भिजलं की चुलवाणाचं काय होतं ते इथं कुणाला सांगायला नको. ओलं लाकूड वर्षभर वाळवावं लागतं, म्हणून एका वर्षाचं जळण पुढं हवं.

रानच नसेल तर शेणी. तिबेट-लडाखकडे याकच्या शेणावर चुली पेटतात, पण मग याक, कुरण आणि हिवाळ्याचा चारा नकाशावर यायला हवा. तिथलं खाणंही त्याच बेतानं ठरलेलं आहे: साडेतीन हजार मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ शिजता शिजत नाही, म्हणून जव एकदाच भाजून त्याचं पीठ चहात कालवून खातात. तुमच्या मठात आमटी-भात वाढणार असाल तर जळणाचा आकडा वाढवा. जादूचा विस्तव काढणार? काढा, पण तो किती जणांना येतो आणि दिवसाला किती वेळ टिकतो हे आधी लिहा. नाहीतर खेळणारे त्यावरच किल्ला जाळतील.

मेलेल्यांचं काय ते सांगा. उघड्या चितेला तीन-चारशे किलो लाकूड लागतं. कोल्हापुरात होळीच्या शेणी स्मशानभूमीला दान देतात ते उगाच नाही. तिबेटात प्रेत गिधाडांना देतात, त्यामागं श्रद्धा आहे तशी लाकडाची टंचाई आणि गोठलेली जमीनही आहे.

वाटा. अंतर किलोमीटरमध्ये लिहू नका, तासांत लिहा. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा नियम: सपाटीला ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. चार किलोमीटरची वाट ६०० मीटर चढत असेल तर पावणेदोन तास. डोक्यावर भारा असेल तर दीडपट. मठ गावापासून फार लांबही नको, फार जवळही नको; भिक्षेला सकाळी जाऊन ऊन चढायच्या आत परत येता यावं. घाटवाटेच्या तोंडाशी एक मठ हवाच, कार्ले-भाजे बोरघाटाजवळ आहेत तसा.

नावं: नाळ, सोंड, खिंड, घळ, माची वापरा, संस्कृत शब्दकोश बाजूला ठेवा. हद्दी ओढ्यानं किंवा धारेनं. जत्रा सुगीनंतर. दरडी, साथी, चोर: एकेक पुरे. रंग शेवटी, जमलं तर.

शाई लावायच्या आधी प्रत्येक मठावर बोट ठेवा आणि मोठ्यानं विचारा, याचं जळण कुठून येतं, कोण आणतं, कुठं ठेवतं. एकाचंही उत्तर अडलं तर शाईची बाटली बंद करा.