फिरत्या शाफ्टचा पीळ हात न लावता कसा मोजायचा: झेब्रा टेप आणि ऑप्टिकल सेन्सर

मोटर आणि फॅनच्या मधला शाफ्ट तुटला आणि चीर साधारण ४५ अंशात, स्प्रिंगसारखी गोल फिरत गेलेली दिसली की समजायचं, हा पिळून तुटलाय. आमच्याकडे असा एक गेला तेव्हा बेअरिंगवरची रीडिंग्ज शेवटपर्यंत नॉर्मल होती, कारण तिथला सेन्सर वरखाली आणि आडवं हलणं पकडतो, शाफ्ट स्वतःभोवती किती पीळ खातोय ते त्याला सहसा कळतच नाही. खूप वाईट वाटलं तेव्हा, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आयडिया सोपी आहे. शाफ्टच्या दोन टोकांना काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची झेब्रा टेप गुंडाळायची, प्रत्येकीसमोर एक ऑप्टिकल सेन्सर. लोड आला की मोटरकडचं टोक किंचित पुढे जातं, म्हणजे दोन्हीकडच्या पल्समधलं (पट्टी समोरून गेली की सेन्सर देतो तो सिग्नल) अंतर बदलतं, तोच पीळ. पीळ रेडियनमध्ये घ्या, त्याला शाफ्टच्या त्रिज्येने आणि स्टीलच्या शिअर मॉड्युलसने (धातू पिळाला किती विरोध करतो तो आकडा, साधारण ८०,००० न्यूटन प्रति चौ. मिमी) गुणा, दोन टेपमधल्या अंतराने भागा, झाला शिअर स्ट्रेस, म्हणजे पिळामुळे धातूवर येणारा ताण. १०० मिमी व्यासाचा शाफ्ट, टेपमध्ये ५०० मिमी अंतर, पीळ ०.१ अंश, तर स्ट्रेस येतो सुमारे १४ न्यूटन प्रति चौ. मिमी. मधला भाग एकसारख्या व्यासाचा हवा, आणि की-वे (चावी बसवायची खाच) किंवा स्टेपपाशी (व्यास बदलतो तिथे) खरा स्ट्रेस याच्यापेक्षा जास्त असतो, तो ड्रॉइंगवरून वेगळा काढायचा.

आता खरी गोची वेळेची. १५०० आरपीएमला ०.१ अंश फिरायला फक्त ११ मायक्रोसेकंद लागतात, आणि नेहमीचं व्हायब्रेशन कार्ड ५१.२ किलोहर्ट्झने सॅम्पल घेतं म्हणजे दर १९.५ मायक्रोसेकंदाला एक, अख्खा पीळ दोन सॅम्पलच्या मध्ये हरवला. म्हणून सिग्नल काउंटर इनपुटलाच द्या (ते सॅम्पल न घेता पल्स नेमकी कधी आली ते क्लॉकने मोजतं), क्लॉक दहा-वीस मेगाहर्ट्झचा तरी हवा. खर्च करायचाच असेल तर इथे करा, सेन्सर साधे चालतात.

टेप लावताना मशीन लॉकआउट करून (चुकून सुरू होणार नाही असं कुलूप लावून), शाफ्ट घासून, तेल पूर्ण पुसून घ्या. १ मिमी काळी १ मिमी पांढरी टेप १०० मिमीच्या शाफ्टवर १५७ पल्स देते. जोड कधीच परफेक्ट बसत नाही, तिथे एक पट्टी जाड किंवा बारीक होतेच, त्याचं टेन्शन घेऊ नका पण जोड कुठे आहे ते लिहून ठेवा आणि फेरीला एक पल्स देणारा वेगळा सेन्सर लावा, म्हणजे जोड कधी समोर येतो ते कळेल. व्हीएफडीवर (मोटरचा स्पीड कमीजास्त करणारा ड्राइव्ह) फॅन असेल तर ३०० आरपीएमला रेकॉर्ड करा, फॅनचा टॉर्क (शाफ्टला पिळणारा जोर) स्पीडच्या वर्गात बदलतो म्हणजे तिथे पूर्ण लोडच्या फक्त ४ टक्के उरतो, हाच तुमचा झीरो, जोडाची चूकही यातच येते, नंतर वजा करायची.

ब्रॅकेटकडे दुर्लक्ष करू नका! गार्डच्या पत्र्यावर सेन्सर लावला तर पत्रा थरथरतो आणि तेच रीडिंग म्हणून दिसतं. शाफ्टचं एक टोक दुसऱ्याच्या तुलनेत ५० मायक्रॉन आडवं सरकलं तरी ०.०५७ अंशाचा खोटा पीळ दिसेल, म्हणजे वरच्या उदाहरणात निम्म्याहून जास्त. उपाय एकच, प्रत्येक टेपवर समोरासमोर दोन सेन्सर आणि त्यांची सरासरी, म्हणजे फेरीला एक पल्सवाला सोडून एकूण चार. मी तरी दोनावर भागवायचं सांगणार नाही.

मग व्हीएफडी ३०० वरून १५०० पर्यंत अगदी हळू वाढवा, मध्येच कुठे पिळाची थरथर एकदम फुगली तर तो टॉर्शनल रेझोनन्स (पिळाची थरथर आपोआप वाढत जाणारा स्पीड), त्या स्पीडला मशीन रेंगाळू देऊ नका, व्हीएफडीत तो बँड स्किप करून टाका.

शेवटी पडताळा घ्या: समजा ४०० किलोवॅट पूर्ण लोड १५०० आरपीएमला, तर टॉर्क म्हणजे ९५५० (ठरलेला गुणक) गुणिले ४०० भागिले १५००, सुमारे २५५० न्यूटन मीटर, वरच्या उदाहरणातल्या शाफ्टवर पीळ ०.०९३ अंशाच्या आसपास यायला हवा. फारच वेगळा आला तर आधी झीरो तपासा, मग टेपमधलं अंतर परत मोजा.