फील्ड-फ्लो फ्रॅक्शनेशन: देखणा पीक पाहून हुरळू नका, या चुका टाळा

फील्ड-फ्लो फ्रॅक्शनेशन म्हणजे पातळ चॅनलमधून द्रव वाहता ठेवून नमुन्यातले कण आकारानुसार वेगळे करायचं तंत्र. बाहेर येणाऱ्या कणांचा देखणा पीक, म्हणजे सिग्नलचा उंचवटा, स्क्रीनवर उमटला की नवशिक्यांना लगेच अहवाल लिहायची घाई होते. माझा प्रश्न ठरलेला असतो: आत टाकलं किती, बाहेर आलं किती? बहुतेकांनी ते मोजलेलंच नसतं.

अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जे. कॅल्विन गिडिंग्ज यांनी 1966 मध्ये हे तंत्र मांडलं. तेव्हापासून ‘यात कॉलमचं पॅकिंग नाही, त्यामुळे नमुना अडकत नाही’ असं कौतुक ऐकू येतं. पण असिमेट्रिक फ्लो प्रकारात चॅनलच्या तळाशी मेंब्रेन (द्रव जाऊ देणारा, कण अडवणारा पडदा) असतं आणि क्रॉस-फ्लो, म्हणजे त्यातून बाहेर जाणारा आडवा प्रवाह, नमुन्याला सतत त्याच्यावरच ढकलत असतो. चिकटायला एवढं पुरतं. म्हणून आधी रिकव्हरी, म्हणजे टाकलेल्यापैकी किती टक्के बाहेर आलं, ते काढा. तोच नमुना, तेवढाच, फोकसिंग (सुरुवातीला दोन्ही बाजूंनी प्रवाह सोडून नमुना एका अरुंद पट्ट्यात गोळा करणं) न करता आणि क्रॉस-फ्लो बंद ठेवून सोडा. त्या पीकच्या क्षेत्रफळाशी आपल्या नेहमीच्या रनमधल्या पीकची तुलना करा. 70 टक्क्यांच्या खाली आकडा आला तर मी आकारमानाची चर्चाच करत नाही. मात्र नमुन्यात यूव्ही शोषणारे छोटे रेणू असतील तर ते मेंब्रेनमधून निघून जातात आणि रिकव्हरी उगाच कमी दिसते, हेही तपासून घ्या.

दुसरा माझा जुना वैरी म्हणजे फोकसिंग. एक विद्यार्थी सायट्रेटने स्थिर केलेले सोन्याचे नॅनोकण घेऊन आला. दोन पीक दिसत होते, आणि ‘नमुन्यात दोन आकारांचे कण आहेत’ हे वाक्य प्रबंधात लिहूनही झालं होतं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मात्र एकच आकार. कॅरियरमध्ये (नमुना वाहून नेणाऱ्या द्रवात) मीठ भरपूर, सिग्नल मोठा दिसावा म्हणून नमुना भरपूर, आणि ‘चांगलं फोकस व्हावं’ म्हणून वेळही भरपूर! चॅनल उघडलं तर मेंब्रेनवर आडवी जांभळट रेघ. फोकसिंगच्या जागी कण एकमेकांवर दाटले, मिठाने त्यांचं आपसातलं प्रतिकर्षण आधीच झाकलं होतं, मग ते जुळले, काही तिथेच बसले. मीठ कमी केलं, नमुना कमी केला, फोकसिंग आखूड केलं, आणि दुसरा पीक गेला. वाक्य खोडायला त्याला फार जड गेलं.

यावरून माझी सवय: नवा नमुना आला की फोकसिंगचा वेळ बदलून पाहायचा आणि टाकलेल्या नमुन्याचं वजन निम्मं करून पाहायचं. वेळेबरोबर दुसरा पीक वाढला तर तो आपणच तयार केलेला. वजनाबरोबर पीकची जागा सरकली तर चॅनलमध्ये गर्दी झालेली आहे. यात एक दिवस जातो. ज्यांच्याकडे तो दिवस नसतो, त्यांच्याकडे पुढे महिना कुठून येतो कोण जाणे.

मिठाला घाबरून नुसतं शुद्ध पाणी वापरणारेही भेटतात. मग कण मेंब्रेनपासून आणि एकमेकांपासून इतके दूर राहतात की वेळेआधी बाहेर पडतात, आणि गणितात ते आहेत त्याहून लहान ठरतात.

स्पेसरवर (चॅनलची जाडी ठरवणाऱ्या पट्टीवर) 350 मायक्रोमीटर लिहिलंय म्हणून चॅनलची जाडी तेवढीच धरू नका. मेंब्रेन फुगतं, स्पेसर त्यात रुततो. धारणवेळ (कण बाहेर यायला लागणारा वेळ) जाडीच्या वर्गावर अवलंबून असते, त्यामुळे खरी जाडी 10 टक्के कमी असली तर व्यास जवळजवळ 20 टक्के लहान निघतो. मेंब्रेन बदललं की माहीत असलेल्या प्रथिनाने जाडी पुन्हा काढा.

प्रकाश-विकिरणाचा (कणांनी विखुरलेल्या प्रकाशाचा) सिग्नल एकटा पाहू नका. लहान कणांसाठी तो व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो, त्यामुळे चार गुठळ्याही डोंगर उभा करतात. शेजारी यूव्ही शोषणाचा सिग्नल ठेवा.

क्रॉस-फ्लो शून्यावर आला की उठणारा पीक ब्लँकमध्येही, म्हणजे नमुना न टाकलेल्या रनमध्येही, दिसतो का, ते बघा. एरवी लहान कण आधी बाहेर येतात, पण मायक्रोमीटरच्या आसपास क्रम उलटतो आणि मोठे कण आधी येतात. कॅरियर 0.1 मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळा. आणि मेंब्रेनची चकचकीत बाजू वर. हे अजूनही सांगावं लागतं.