गांजावर बोलायला उभं राहण्याआधी

जानेवारीत वादविवाद स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की ‘गांजा कायदेशीर करावा’ हा विषय कुठल्यातरी कॉलेजात निघतोच. धुळ्यात मी पंधरा वर्षं मुलं तयार केली. या विषयावर पोरं पहिल्या दोन मिनिटांतच आपटतात. भोलेनाथाचं नाव घेतात, होळीची ठंडाई आणतात, आणि समोरचा थंडपणे विचारतो, “भांग म्हणजे गांजा का?”

म्हणून आधी १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यातली व्याख्या वहीत उतरवून काढा. गांजा म्हणजे झाडाचे फुलोरा किंवा फळ धरलेले शेंडे. बिया आणि पानं शेंड्यांसोबत नसतील तर ती गांजात धरत नाहीत. भांग पानांची, म्हणून ती सुटते इथून. पण लगेच हुरळू नका. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय भांगही चालत नाही.

मग वजन. १ किलोपर्यंत अल्प प्रमाण, २० किलोच्या वर व्यावसायिक. अल्प असेल तर वर्षभरापर्यंत कैद. व्यावसायिक असेल तर किमान १० वर्षं, आणि कलम ३७ मुळे जामीन मिळता मिळत नाही.

यातली मेख मला एका विद्यार्थिनीने दाखवली. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली. आमच्याकडे कापसा-तुरीच्या आड लावलेली गांजाची झाडं उपटल्याच्या बातम्या नेहमीच्याच. ती म्हणाली, “सर, मी पंचनामा बघितलाय. झाडं मुळासकट काट्यावर ठेवली होती, मातीसुद्धा झटकली नव्हती.” आता विचार करा: ओली झाडं, जाड दांडे, वर चिखल. शेंडे खुडून वेगळे तोलले तर २० किलोचा आकडा टिकेल का? वकील नेमका यावरच जामीन मागतात. अनुकूल बाजूने बोलणार असाल तर हे एक उदाहरण शंकराच्या जटांपेक्षा कामाचं. फक्त लागवडीचा गुन्हा वेगळा, तिथे वजनाचे टप्पे नाहीत आणि शिक्षा १० वर्षांपर्यंत. हे तुम्ही सांगितलं नाही तर समोरचा सांगेल, आणि टाळ्या त्याला पडतील.

‘कायदेशीर’ हा शब्दही फोडून घ्या. पोर्तुगालने २००१ मध्ये थोडा माल जवळ बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं, विक्री गुन्हाच ठेवली. कॅनडाने २०१८ मध्ये दुकानांतून विक्री सुरू केली. जर्मनीत २०२४ पासून घरी तीन झाडं चालतात, दुकान नाही. तुम्हाला यातलं कुठलं हवंय ते पहिल्या वाक्यात सांगा. प्रतिकूल बाजूने थायलंड हाताशी ठेवावा: २०२२ मध्ये मोकळं केलं, २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणलं.

इतिहास हवाच असेल तर इंग्रज सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी नेमलेला १८९३-९४ चा हेम्प आयोग घ्या. पूर्ण बंदीची गरज नाही, कर लावा आणि नियंत्रण ठेवा, असा त्याचा निष्कर्ष. इंग्रजांना महसूल हवाच होता, हे उत्तर येणार, तयार राहा. आणि ‘यूएनने गांजा मोकळा केला’ असं कृपा करून ठोकून देऊ नका. डिसेंबर २०२० मध्ये २७ विरुद्ध २५ मतांनी तो १९६१ च्या आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ कराराच्या सर्वांत कडक यादीतून निघाला (भारताचं मत बाजूने होतं), पण त्याच कराराच्या पहिल्या यादीत, म्हणजे नियंत्रणाखाली, अजून आहेच.

माझं मत? ओढणाऱ्याला तुरुंग नको, पण कोपऱ्याकोपऱ्यावर दुकानही नको. आज सेवनालाही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला कलम ६४-अ संरक्षण देतं, तेही स्पर्धेत क्वचितच कुणी काढतं.

आदल्या रात्री बाजू बदलून एकदा पूर्ण बोला. त्या मुलीला मी मुद्दाम प्रतिकूल बाजू घ्यायला लावली होती. भाषण संपल्यावर परीक्षकांनी विचारलं, “तुमच्या गावात कुणी पिकवतं का हो?” ती म्हणाली, “सर, याचं उत्तर वकिलाला विचारून देते.”