गुप्तधन शोधायच्या जुन्या यंत्राचं वय कसं काढाल?
अमेरिकी बनावटीचं जुनं यंत्र हाती आलं की आधी त्यावरची पितळी पट्टी बघा. ती घासून चकचकीत मुळीच करू नका; उथळ कोरलेले आकडे कायमचे जातात. टॉर्च आडवी धरली की पुसट आकडेही उठून दिसतात. पेटंट क्रमांक मिळाला तर गूगल पेटंट्सवर टाका. उदाहरणार्थ, गेऱ्हार्ड फिशर या संशोधकाच्या मेटॅलोस्कोप या धातुशोधक यंत्राचा २०६६५६१ हा क्रमांक जानेवारी १९३७ चा. पण हे साल पेटंटचं, यंत्र पुढे कितीही वर्षांनी बनलेलं असू शकतं. पत्त्यात पाच आकडी झिप कोड (अमेरिकेतला पिन कोड) असेल तर पट्टी १९६३ च्या आधीची नाही. फुलीच्या खाचेचे फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरचे. मात्र ते मागाहून बदललेलेही असतात. एक काढून पाहा, यंत्राच्या पेटीच्या लाकडावरचा जुना गोल ठसा त्याच्या डोक्याशी जुळायला हवा.