कार्यालयातले जुने मोबाइल आणि बॅटऱ्या रीसायकलिंगला देताना

आधी यादी करा: मॉडेल, आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक), कोणाकडे होता, चालू की बंद. सिम आणि मेमरी कार्ड काढा. मग क्रम पाळा: आधी गूगल किंवा अ‍ॅपल खात्यातून साइन आउट, नंतर फॅक्टरी रीसेट (फोनमधला सगळा डेटा पुसणं). उलट केलं तर फोन जुन्या खात्याला कुलूपबंद राहू शकतो आणि चांगला फोनही भंगारात जातो. जो सुरूच होत नाही, त्यातला डेटा शाबूत असू शकतो. असे फोन वेगळे ठेवा आणि नष्ट केल्याचा आयएमईआयनिहाय दाखला मागा.

खरी जोखीम बॅटरीत आहे. चिकटवलेली बॅटरी उचकटू नका, फोन तसाच द्या. सुट्ट्या लिथियम बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावा. दोन टोकं धातूला टेकली की शॉर्ट सर्किट होऊन आग लागू शकते. फुगलेली बॅटरी दाबू, टोचू किंवा चार्ज करू नका. ती कोरड्या वाळूत, न पेटणाऱ्या डब्यात, इतर मालापासून लांब ठेवा. झाकण घट्ट लावू नका, वायूला वाट हवी. ती पाठवण्याआधी रीसायकलरला कळवा, नेहमीच्या पार्सलमध्ये मुळीच घालू नका. साध्या कचऱ्यातही नको: कचरागाडीत चेपली की ती पेटू शकते.

रीसायकलरकडे आर-2 किंवा ई-स्टुअर्ड्स (ई-कचऱ्याचं रीसायकलिंग जबाबदारीने होतं, हे सांगणारं) प्रमाणपत्र आहे का, ते तपासा. बॅटऱ्या पुढे कुठे जातात, हे लेखी घ्या. उत्तर टाळणाऱ्याला माल देऊ नका, दर कितीही चांगला असो.