घरी टायर रोटेशन करताना या चुका टाळा: गाडी जॅकच्या भरवशावर सोडू नका

दिवाळीआधी पुतण्याने टायर रोटेशनसाठी, म्हणजे चाकांच्या जागा आपसांत बदलण्यासाठी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीचं पुढचं डावं चाक जॅकवर उचललं. नट काढायला खाली बसला, तोच गाडी वीतभर मागे सरकली. जॅक कलंडला, दाराखालची पट्टी दुमडली. चाक अजून निघालं नव्हतं म्हणून गाडी टायरवर बसली आणि त्याचा हात वाचला. तो घाबरून म्हणाला, "काका, गाडी तर फर्स्ट गिअरमध्ये होती!"

होतीच. पण आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते आणि त्या दोन चाकांमध्ये डिफरन्शिअल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, असतो. एक चाक हवेत गेलं की ते उलटं फिरायला मोकळं होतं, मग जमिनीवरचं दुसरंही फिरतं. म्हणजे पुढचं चाक उचलल्यावर गिअर काहीच धरत नाही. गाडी धरतो तो हँडब्रेक, कारण तो मागच्या चाकांवर असतो, आणि पुतण्याने तो ओढलाच नव्हता. पार्किंगला पाणी वाहून जाण्यासाठी हलका उतार असतो. डोळ्यांना तो दिसत नाही, गाडीला कळतो.

म्हणून दोन्ही करा: हँडब्रेक पूर्ण ओढा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर 'पी'मध्ये. शिवाय जे चाक उचलणार त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून आणि मागून लाकडी ठोकळा किंवा वीट घट्ट लावा. पुढचं डावं उचलायचं तर मागच्या उजव्याला. आणि उतार जाणवण्याइतका असेल तर त्या दिवशी काम करू नका, सपाट जागा शोधा.

जॅक कुठे लावता?

दाराखालच्या पत्र्याच्या पट्टीवर पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे दोन-दोन छोट्या खाचा असतात. गाडीसोबत मिळालेल्या सिझर जॅकची (कात्रीसारखा उघडणारा छोटा जॅक) खोबण त्यांच्या मधोमध बसली पाहिजे. थोडं इकडेतिकडे झालं की पत्रा दबतो, आणि इंजिनाच्या ऑइल पॅनखाली, म्हणजे तेलाच्या भांड्याखाली, जॅक लावला तर ऑइल पॅनच फुटू शकतं. ओली माती किंवा हलणारे पेव्हर ब्लॉक असतील तर जॅकखाली इंचभर जाडीची रुंद फळी टाका.

जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. नेहमी हे काम घरी करणार असाल तर जॅक स्टँडची, म्हणजे उचललेली गाडी टेकवून ठेवायच्या लोखंडी स्टँडची, जोडी घ्या. नसेल तर निदान एक मोकळं चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवा. जॅक घसरलाच तर गाडी त्या चाकावर बसेल. पण यामुळे गाडीखाली शरीर घालायची मुभा मिळत नाही. हात, पाय, डोकं, काहीच नाही.

एकच जॅक, चार चाकं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पुढची बाजू उचलून दोन्ही चाकं काढायची, मग मागची, असं लोक करू बघतात आणि गाडी लटकत ठेवतात. तशी गरज नाही, स्टेपनी मदतीला घ्या. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत पुढचे टायर सरळ मागे जातात आणि मागचे तिरके पुढे येतात. क्रम असा:

1. पुढचं डावं काढा, तिथे स्टेपनी लावा.
2. मागचं डावं काढा, तिथे पुढचं डावं लावा.
3. पुढचं उजवं काढा, तिथे मागचं डावं लावा.
4. मागचं उजवं काढा, तिथे पुढचं उजवं लावा.
5. पुढच्या डाव्या जागेवरची स्टेपनी काढून तिथे मागचं उजवं लावा.

पाच वेळा उचलावं लागतं, पण दर वेळी एकच कोपरा हवेत असतो आणि एक चाक हाताशी मोकळं राहतं. ते पट्टीखाली ठेवा. काढलेलं चाक आधी आत सरकवा, मग लावायचं चाक बाहेर घ्या. दर कोपऱ्याला ठोकळ्यांची जागा बदलायला विसरू नका, घाईत ते राहून जातं. स्टेपनी नसेल, म्हणजे पंक्चर किटवाली गाडी असेल, तर जॅक स्टँडशिवाय हे काम घरी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

टायरच्या बाजूला फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर हा क्रम चालत नाही. ते टायर त्याच बाजूला फक्त पुढेमागे करायचे.

नटांच्या चुका

नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. उचललेल्या गाडीवर पान्याला जोर लावणं म्हणजे गाडी जॅकवरून ढकलणं. मारुतीला बहुधा 19 मिलिमीटरचा पाना लागतो, ह्युंदाईला 21 चा. दोघांच्या नटांचे आटेही वेगळे असतात, म्हणून शेजाऱ्याकडून उसना घेतलेला नट बळजबरीने फिरवू नका. लावताना नटाची निमुळती बाजू चाकाकडे हवी आणि पहिले तीन-चार फेरे हातानेच. मग समोरासमोरचे नट आवळा, ओळीने गोल फिरत नको. शेवटचा ताण गाडी खाली उतरवल्यावर, टॉर्क रेंचने (नट किती आवळला ते दाखवणारा पाना), मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याइतकाच. पान्यावर उभं राहू नका. आट्यांना तेल-ग्रीसही नको, त्याने नट प्रमाणाबाहेर ताणला जातो.

कोकणात, गोव्यात, मुंबईत दमट हवेने चाक हबला, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या भागाला, चिकटून बसतं. गाडी जॅकवर असताना चाकाला लाथा घालू नका. नट पुन्हा हाताने बसवा, एक-दोन फेरे सैल ठेवा, गाडी खाली घ्या आणि बाजूने हलवा. वजनानेच चाक सुटतं.

नंतर काही बिघडलं वाटलं तर

80 च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतंय? बहुधा मागच्या ज्या चाकाचं बॅलन्सिंग (वजनाचा समतोल) आधीच बिघडलं होतं, ते आता पुढे आलंय. बॅलन्सिंग करून घ्या. थरथर कमी वेगालाही असेल, ठकठक येत असेल, तर गाडी लगेच थांबवून नट बघा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी हवा तपासा. बऱ्याच गाड्यांत पुढची-मागची हवा वेगळी असते आणि चाक बदलल्यावर ती नव्या जागेप्रमाणे करायची राहून जाते. एकाच टायरची एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांच्या कोनाचा, दोष आहे, रोटेशनने तो जात नाही, दुसऱ्या टायरला लागतो. खाचांची खोली 1.6 मिलिमीटरवर आली असेल तर तो टायर कुठल्याच जागी लावू नका.

साधारण 10,000 किलोमीटरला एकदा हे काम करा. आणि आज केल्यावर 50 ते 100 किलोमीटर चालवून चारही चाकांचे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा.