परदेशात घर घेताय? टोकन देण्याआधी हा हिशेब मांडा

नाशिकला फ्लॅट घेताना वरखर्चाचा अंदाज आपल्याला असतो. नोंदणी फी तर 1 टक्का, तीही 30,000 रुपयांच्या वर जात नाही. त्याच अंदाजावर माझा मावसभाऊ लेकीजवळ लंडनला घर घ्यायला निघाला. एजंटाच्या कागदावर फक्त किंमत होती, 3 लाख पौंड. पुढचं आम्ही त्याच्या इंदिरानगरच्या घरी वहीत मांडलं.

आधी तिथला सरकारी कर काढा. इंग्लंडमध्ये पहिल्या 1,25,000 पौंडांवर काही नाही, पुढच्या 1,25,000 वर 2 टक्के, उरलेल्या 50,000 वर 5 टक्के, झाले 5,000. पण खरेदीदार भारतात राहतो म्हणून पूर्ण किमतीवर आणखी 2 टक्के, आणि आधीचं घर आहे म्हणून 5 टक्के. इंदिरानगरचा फ्लॅट 40,000 पौंड किंवा जास्त किमतीचा असेल, तर तोही त्यात मोजतात! हे 21,000. एकूण 26,000 पौंड. भावाने आकडा दोनदा तपासला.

दुबईत हस्तांतरण फी 4 टक्के. एजंटाचं कमिशन साधारण 2 टक्के, त्यावर 5 टक्के व्हॅट.

मग वकील. तो तुमचाच हवा, बिल्डरने सुचवलेला नको. त्याची फी आणि शोध, नोंदणी वगैरे इतर खर्च वेगवेगळे लिहून मागा.

आता बँक. एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंतच रक्कम पाठवता येते. वर्षभरात 10 लाख रुपयांपुढे पाठवलेल्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ आयकर, घेते. 50 लाख पाठवलेत तर 8 लाख जास्तीचे हाताशी ठेवा. हे पैसे बुडत नाहीत, रिटर्नमध्ये वळते होतात किंवा परत मिळतात. पण तोवर अडकतात, आणि नेमके घराचा हप्ता द्यायच्या वेळी.

घर झाल्यावर दरवर्षी रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवा, भाडं येत नसलं तरी. लपवल्यास 2015 च्या काळा पैसा कायद्याखाली 10 लाखांचा दंड होऊ शकतो. दुबईत भाड्यावर वैयक्तिक आयकर नाही, म्हणून इथेही नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. भारतात निवासी असाल तर ते उत्पन्न इथे करपात्र आहे. लंडनच्या भाड्यावर तिथे भरलेल्या कराची इथल्या करातून वजावट मात्र मागता येते, त्यासाठी तिथल्या पावत्या जपा.

खरेदीखताची प्रत हातात पडली की त्याच आठवड्यात आपल्या सीएला द्या. जुलैत शोधाशोध नको.